हीटरचा गार वारा

देवीचे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा भक्त असतात. माझी अडचण अशी, की ज्या दिवसाचा अनुभव मी सांगणार आहे त्या दिवशी मी भक्त नव्हते, नुसती जळत होते. आदल्या संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे हात जोडून मी आमच्या कुलदेवीकडे, कार्ल्याच्या एकवीरेकडे, जे मागितलं ते कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी म्हटलं होतं, "आई, उद्या ती गाडी तुझ्यापर्यंत पोचू देऊ नकोस." त्या गाडीत माझा नवरा असणार होता, सासूबाई असणार होत्या, चार महिन्यांचं तान्हं बाळ असणार होतं, मी स्वतः असणार होते. आणि निघालो होतो कुठे, तर तिच्याच दर्शनाला. तरी माझ्या तोंडून हेच निघालं. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात, पण त्या कावळ्याचं पुढे काय होतं ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं बिऱ्हाड. सासूबाई, आम्ही दोघं आणि आमची मुलगी, धाकटे दीर आणि त्यांची बायको शैला. हे सरकारी कचेरीत होते, भावोजी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात. शैलाला लग्नानंतर दोन वर्षांत मुलगा झाला, आणि बारशाच्या दिवशी तिच्या वडिलांनी आपली जुनी गाडी जावयाच्या हाती दिली. इंग्रजी बनावटीची, फिकट निळी, दारांना चकचकीत पट्ट्या. तिला हीटरसुद्धा होता. मुंबईत हीटर! बिल्डिंगमधली माणसं त्याचा खटका बघायला मुद्दाम खाली यायची आणि हसत वर जायची. तोवर आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या मिळून दोन स्कूटर होत्या. गाडी उभी राहायची ती नेमकी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली.

मत्सर करायला मोठं कारण लागतं असं मला आधी वाटायचं. माझा तर अगदी चिल्लर गोष्टींवर पोसला. गाडीत पुढे शैला बसायची, मांडीवर बाळ, आणि मी मागच्या सीटवर मधोमध, जिथे खाली पाय ठेवायला जागाच नसते तिथे गुडघे दुमडून, हातात डबे. दूधवाला "शैलाताईंची गाडी" म्हणायचा. गाडीची पूजा झाली तेव्हा बॉनेटवर स्वस्तिक काढायला सासूबाईंनी शैलाला पुढे बोलावलं, मी मागे नारळाचे तुकडे गोळा करत होते. तिने सीटसाठी क्रोशाची कव्हरं विणली, त्यातला एक चुकलेला टाका मला दिसला आणि मला दिवसभर बरं वाटलं. गाडीच्या आरशात बघून ती केस सारखे करायची, तेव्हा ती ते मला दाखवायलाच करते अशी माझी खात्री होती. खरं म्हणजे शैला वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, जळायला निमित्त तरी मिळालं असतं.

एका गोष्टीने मात्र मी आतून फाटले. दरवर्षी चैत्रात एकवीरेला जायचं आणि देवीची ओटी थोरल्या सुनेने भरायची, हा आमच्या घरचा कुळाचार. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. नऊ वर्षं ती ओटी माझ्या हातची होती. मी एस.टी.त उभ्याने गेले आहे, अंगात ताप असताना गेले आहे, मुलगी पोटात असताना त्या पायऱ्या चढले आहे. त्या घरात माझं म्हणावं असं फार काही नव्हतं. जे होतं त्यात ती ओटी सगळ्यात वर होती. होळीच्या आधी एका दुपारी गहू निवडताना सासूबाई सहज म्हणाल्या, "यंदा ओटी शैलाला भरू दे गं. मांडीवर मुलगा आहे तिच्या, आणि गाडीही तिच्याकडचीच." मी "बरं" म्हटलं. त्या गव्हाच्या पोळ्या दाताखाली कचकचल्या, कारण खडे मी वेचलेच नव्हते.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबांचं घाटकोपरला रस्त्याच्या कडेला पत्र्याचं गॅरेज होतं. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे शाळा सुटली की मी तिथेच. हव्या त्या मापाचा पाना बाबांच्या हातात देता देता मला गाड्या कळायला लागल्या. लग्न जमवणाऱ्यांनी सासरी "इंजिनिअरिंग वर्कशॉप" सांगितलं आणि आम्ही ते खोडून काढलं नाही. पुढे खरं कळलं तेव्हा सासूबाईंनी भांडण केलं नाही. "चारचौघांत वर्कशॉपच म्हणत जा," एवढंच म्हणाल्या. मीही म्हणत गेले. बाबांच्या ते लक्षात आलं असावं. नंतर ते आंबे घेऊन यायचे ते फाटकाशीच पिशवी देऊन परत फिरायचे. वर चला म्हटलं की म्हणायचे, "नको, हात काळे आहेत." या चैत्राच्या दोन वर्षं आधी ते गेले. त्यांच्या शेडच्या जागी गाद्यांचं दुकान झालं. त्या रस्त्याने जाताना मी मान दुसरीकडे वळवत असे.

होळी झाली आणि गाडी तापायला लागली. चार-पाच मैल बरी चालायची, मग समोरचा तापमानाचा काटा हळूहळू तांबड्या रेषेकडे सरकायचा. अंधेरीतल्या एका गॅरेजवाल्याने आधी पंख्याचा पट्टा बदलला. मग रेडिएटर काढून साफ केला. तरी तापते म्हटल्यावर पाण्याच्या वाटेवरची एक झडप काढूनच टाकली आणि म्हणाला, "आपल्या हवेत याची गरजच नाय, साहेब." दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भावोजी गाडी थांबवायचे, ती निवली की बाटलीने पाणी ओतायचे आणि घरी यायचे घामाघूम होऊन. मी खिडकीतून बघायची. वरून "अगं बाई, पुन्हा का?" म्हणायची आणि आमटीला फोडणी जरा जास्तच खमंग द्यायची.

एका रविवारी आम्ही सगळे त्या गाडीतून कुठल्याशा मुंजीला निघालो होतो. साकीनाक्याच्या गर्दीत काटा चढला. भावोजींना कारखान्यात कुणीतरी सांगितलं होतं, की इंजिन तापलं की हीटर सुरू करायचा, म्हणजे इंजिनातली उष्णता आत येते आणि इंजिनाला आराम पडतो. ते खरंच आहे. त्यांनी खटका ओढला, आम्ही सगळे भाजून निघायच्या तयारीने बसलो, आणि पायांवर छान गार वारा आला.

"च्यायला, झकास!" भावोजी ओरडले. "शैला, तुझ्या बाबांनी एसी दिलाय यार आपल्याला!"

सगळे खो खो हसले. सासूबाईंनी गळ्याशी पदर सैल केला. मी हसले नाही. काटा तांबड्यात आणि हीटर गार, हे दोन्ही एकदम दिसलं की बाबा हातातलं दुसरं काम टाकून द्यायचे. हीटर म्हणजे काही वेगळी शेगडी नसते. इंजिनातलं गरम पाणी एका पाइपने तिथे येतं, त्याच्यावरून वारा जातो, म्हणून तो गरम लागतो. इंजिन पेटलं आहे आणि हीटर गार आहे, याचा अर्थ पाणी तिथवर पोचतच नाही. कुठेतरी ते गळून कमी झालं आहे आणि त्याच्या जागी हवा कोंडून बसली आहे. "गाडी पाणी मागतेय आणि लोक पंखा बदलतात," बाबा म्हणायचे. मुंबईच्या गाड्यांत ही हवा का कोंडते तेही त्यांनी मला दाखवलं होतं. इथे हीटर कुणी वापरत नाही, म्हणून त्याचा खटका बारा महिने बंद. पाणी भरतानाही बंदच. मग रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसतो आणि हीटरच्या बाजूची हवा जिथल्या तिथे राहते. आणि हीटरचे पाइप फुटले आहेत का ते तर कुणी बघतच नाही, कारण हीटरचं इथे काम काय?

हे सगळं मला त्या साकीनाक्यावर, मांडीवर आहेराचं ताट धरून बसल्या जागी, स्पष्ट कळलं. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरली. घरी आल्यावर ह्यांनी मला एकटीला गाठून विचारलं, "तुला काही कळतंय का गं त्यातलं?" मी म्हटलं, "मला काय कळतंय? मी काय मेकॅनिक आहे?" मी माझ्या मनाची समजूत घातली की सांगायला गेलं तर बाबांच्या गॅरेजचा विषय काढावा लागेल, आणि सासूबाईंना ते आवडणार नाही. ही सबब होती. खरं कारण असं, की गाडी बंद पडली तर एस.टी.ने जावं लागणार. एस.टी.ने गेलं तर तान्ह्या बाळाला कुणी नेणार नाही. बाळ घरी तर शैला घरी. आणि शैला घरी तर ओटी माझी. तीन आठवडे मी हे मनातल्या मनात घोळवत होते आणि वरून सगळ्यांशी गोड बोलत होते.

पण गॅरेजवाल्याने आणखी काहीतरी करून "आता टेन्शन नाय" असं सांगितलं आणि गाडीनेच जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी शैला ओटीचं ताट लावत होती. "वहिनी, तांदूळ किती घ्यायचे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "पसाभर." सांगताना माझा आवाज चिरकला. तिला वाटलं मला पडसं झालं आहे, तिने मला आल्याचा चहा करून दिला. तो चहा पिऊन मी देव्हाऱ्यापुढे गेले आणि सुरुवातीला सांगितलं ते मागणं मागितलं.

सकाळी सात वाजता निघालो. मुलीची परीक्षा होती म्हणून तिला शेजारी ठेवलं होतं. पुढे भावोजी आणि बाळाला घेऊन शैला, मागे सासूबाई, मधे मी, पलीकडे हे. साकीनाका गेला, असल्फा गेलं, काटा मध्यावर शहाण्यासारखा उभा. मी हिरमुसले. घाटकोपर आलं आणि रस्ता खोदलेला, गाड्यांची ही रांग. दहा मिनिटांत काटा हलला. भावोजींनी खटका ओढला आणि पुन्हा तोच गार वारा आला. या वेळी एसीची थट्टा कुणी केली नाही. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली तशी त्यांनी गाडी कडेला घेतली. मी बाहेर पाहिलं तर हाकेच्या अंतरावर गाद्यांचं दुकान होतं, बाबांच्या शेडच्या जागेवरचं.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. मागितलं आणि मिळालं.

शैला बाळाला घेऊन उतरली. ऊन तापलं होतं, म्हणून भावोजींनी उघडलेल्या बॉनेटच्या सावलीत ती उभी राहिली, अगदी इंजिनाला लागून. भावोजींनी टॉवेल पाण्यात बुडवला, हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं की काय होतं ते मी लहानपणी पाहिलं आहे. उकळतं पाणी कारंज्यासारखं वर येतं, माणूसभर उंच. ज्याने ते उघडलं त्याच्या गालाची साल निघाली होती. बाळाचं डोकं त्या झाकणापासून दोन हातांवर होतं. माझा हात पुढे झाला, तोंड उघडलं, आणि आवाज निघाला नाही. तीन आठवडे गप्प राहिलेलं तोंड होतं ते, ऐनवेळी त्याला बोलता येईना. एका श्वासाएवढाच वेळ गेला असेल. त्या एका श्वासाची मला अजून भीती वाटते.

"ए दादा! हात नको लावू! उघरशील तं तोंडाव उरंल!"

फुटपाथवर मासळीची टोपली घेऊन एक कोळीण बसली होती, तिचा हा आवाज. ती कधी उठली कळलं नाही. आली ती हातात मासे कापायचा कोयता तसाच घेऊन, आणि दुसऱ्या हाताने तिने भावोजींचं मनगट धरलं. मग शैलाला खांद्याने ढकलत चांगली चार पावलं मागे नेलं. "माज्या घरधन्याचा डोला गेला असाच, दर्यावर होरीच्या मशीनीचं झाकन उघारताना," ती म्हणाली. "निवू दे तिला. गारी कुटं पलून जात नाय." भावोजी टॉवेल हातात घेऊन नुसते उभे राहिले. शैलाने बाळाचं डोकं पदराखाली घेतलं. मग ती बाई माझ्याकडे वळली. बराच वेळ बघितलं तिने.

"तुजा हात पुरं आयलेला," ती म्हणाली. "तुला ठावं हाय. मंग बोललीस का नाय?"

तिचा आवाज रागाचा नव्हता. बाजारात बांगडे किती हवेत विचारावं तितक्याच सहज तिने विचारलं. ही बाई रस्त्यात उभी राहून सगळ्यांदेखत मशीनबद्दल बोलत होती, अंगाला मासळीचा वास, आणि तिला कशाचीच लाज नव्हती. मला माझ्या बापाची लाज वाटत आली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सासूबाईंकडे न बघता म्हटलं, "माझे वडील मेकॅनिक होते. त्या गाद्यांच्या दुकानाच्या जागी त्यांचं गॅरेज होतं. मला यातलं कळतं."

मी पदर खोचला.

अर्धा तास इंजिन निवू दिलं. झाकणाला हात लावता येत नव्हता तेव्हाच मी हीटरचे दोन्ही पाइप चाचपले. इंजिन भट्टीसारखं, आणि ते पाइप माठासारखे गार. पाणी फिरत नव्हतं, यात शंका उरली नाही. आता ते जातं कुठे ते शोधायचं. बाबा सांगायचे, गळलेलं पाणी वाळून जातं पण डाग ठेवून जातं. मी वाकून इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे पाइप आत शिरतो तिथे बघितलं, आणि पांढरट तांबूस ओघळ दिसला. क्लिपच्या खाली रबर चिरलं होतं. गाडी तापली की तिथून थेंब थेंब गळायचं आणि गरम लोखंडावर पडून लगेच उडून जायचं, म्हणून खाली ओल दिसायची नाही. डिकीत एक स्क्रू-ड्रायव्हर होता, त्याने क्लिप सैल केली. पाइप ओढून काढला. चिरलेलं टोक इंचभर कापून टाकलं तर पाइप पुन्हा बसणार होता, पण कापायला काही नव्हतं. कोळणीने कोयता पुढे केला आणि मासळी कापायचा लाकडी ओंडकाही आणून ठेवला. एका घावात टोक उडालं. कोयत्याला हलव्याचे खवले चिकटले होते, ते माझ्या मनगटाला चिकटले.

समोरच्या चहावाल्याकडून तिनेच बादलीभर पाणी आणलं. मी भावोजींना हीटरचा खटका पूर्ण उघडून ठेवायला सांगितलं. त्यांनी "आत्ता? बंद गाडीत?" विचारलं. मी म्हटलं, "इतके दिवस तो बंद ठेवून पाणी भरलंत, तीच चूक झाली." मग सावकाश पाणी ओतत गेले, मधे मधे पाइप दाबत. आतून बुडबुड करत हवा वर यायची, पाणी खाली जायचं, पुन्हा ओतायचं. एरवी काठोकाठ भरलेला दिसणाऱ्या त्या रेडिएटरने आणखी जवळजवळ अर्धी बादली पाणी घेतलं. इंजिन सुरू केलं. पाच-सात मिनिटं गेली. शैलाने हीटरसमोर हात धरला आणि चटकन मागे घेतला.

"वहिनी, गरम! भाजतंय हो!"

कोळणीने टोपलीत डोकावून पानात गुंडाळलेली अबोलीची वेणी काढली. सकाळी स्वतःच्या केसात माळायला घेतलेली, कामात राहून गेलेली. सीटवरचं ओटीचं ताट तिने आधीच पाहिलं होतं. "आईकडं चाललाव ना? माजं औंदा जानं नाय. ही आईला घाल, तुज्या हातानं." मी माझे हात दाखवले, तेलाने काळे, मासळीचा वास. ती हसली. "आमचा वास तिला नवा नाय, माजे बाय."

पुढे मी हीटर बंद करू दिला नाही. बंद केला असता तरी बहुधा चाललं असतं, पण घाट होईपर्यंत मला विषाची परीक्षा घ्यायची नव्हती. चैत्रातल्या उन्हात, खिडक्या उघड्या टाकून, आम्ही हीटर लावून चाललो होतो. पुढे बाळाला भाजलं असतं म्हणून शैला मागे बसली, मधोमध, गुडघे दुमडून. "वहिनी, तुम्ही पुढे बसा, काट्यावर लक्ष ठेवा," ती म्हणाली. जिच्यासाठी मी चार महिने जळले ती सीट मला मिळाली. पायांवर वाफा, पाठीवर घाम, आणि डोळे काट्यावर इतके खिळलेले की आरशात बघायचंसुद्धा राहून गेलं. खंडाळ्याच्या घाटात कितीतरी गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या. आमचा काटा मध्यावरून हलला नाही.

देवळात गुरवाने "ओटी कोण भरतंय?" विचारलं. सासूबाईंनी मला पुढे केलं. "तूच भर. घरचा रिवाज आहे तो, मीच चुकले." शैलानेही ताट माझ्यापुढे धरलं. नऊ वर्षांचा माझा हक्क असा समोर आला आणि मला तो घेववेना. तो मोठेपणा नव्हता. आदल्या संध्याकाळी जिच्याकडे मी ते मागितलं होतं तिच्या तोंडाकडे मला बघता येत नव्हतं. मी म्हटलं, "शैलालाच भरू दे." तिने भरली. पदर सावरत, तांदूळ सांडत, जरा चुकत. मी फक्त वेणी दिली. वेणीच्या पानाला माझ्या बोटांचे काळे ठसे लागले होते, ते बघून गुरवाने विचारलं, "या कोण?"

सासूबाई म्हणाल्या, "ही आमची थोरली सून. हिचे वडील मोटार मेकॅनिक होते, घाटकोपरला. हिच्यामुळे पोचलो." गाभाऱ्यात दहा-बारा माणसं होती, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. मी रडले. फाटकाशी आंब्याची पिशवी घेऊन उभे असलेले बाबा मला दिसत होते.

पायऱ्या उतरताना मी शैलाला सगळं सांगितलं. साकीनाक्यापासूनचं, तीन आठवड्यांचं, देव्हाऱ्यापुढचं. ती मधेच थांबली. "वहिनी, मी बाळाला घेऊन तिथे उभी होते," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली. घरी आल्यावर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी तिला दोष देत नाही.

सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की ती कोळीण म्हणजे साक्षात एकवीरा. मी वाद घातला नाही. पण पुढच्या रविवारी मी प्रसाद घेऊन घाटकोपरला गेले, तर ती तिथेच बसली होती. तुर्भ्याची होती. मला तिने ओळखलं नाही, पाइप कापल्याचं सांगितलं तेव्हा कुठे ओळख पटली. प्रसाद कपाळाला लावून खाल्ला, आणि बांगडे मला दिले ते नेहमीच्याच भावाने, घासाघीस करू दिली नाही. ती देवी नव्हती हे मला ठाऊक आहे. त्या सकाळी तिच्या तोंडून कोण बोललं ते मात्र मला ठाऊक नाही, आणि आता ते शोधावंसंही वाटत नाही. माझ्याच आत इतकी धग आणि बाहेर इतका गार वारा होता. कुणीतरी हात लावून बघणारं हवं होतं, ते देवीने रस्त्याच्या कडेला बसवून ठेवलं होतं.

कार्ल्याहून आल्यावर बाराव्या दिवशी सकाळी मी भाजी चिरत होते. खिडकीखालून शैलाची हाक आली. गाडीचं बॉनेट उघडं होतं, तिच्या हातात पाण्याची बादली होती.

"वहिनी, पाणी भरायचंय. हीटर उघडलाय मी, पण तुम्ही एकदा खाली येऊन बघता का?"

बिल्डिंगमधली चार माणसं गॅलरीत उभी होती. मी पदर खोचला आणि खाली गेले.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मत्सर मला अजूनही होतो, या वयातही, शेजारणीच्या लोणच्याचासुद्धा होतो. फरक एवढाच पडला, की आता देवीकडे काही मागायला हात जोडले की आधी ते मागणं मी स्वतःला मोठ्याने ऐकवते. बहुतेक वेळा पुढे मागावंसं वाटत नाही. मग नुसते हात जोडून उभी राहते, आणि तिला जे द्यायचं ते देऊ दे म्हणते. लोक देवीने त्यांचं ऐकलं म्हणून तिचे आभार मानतात. त्या संध्याकाळचं माझं मागणं तिने घाटकोपरपर्यंतच ऐकलं, पुढे ऐकलं नाही. मी रोज दिवा लावताना त्याचेच आभार मानते.